तीन दिवसांचा समुद्र

आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, समुद्र कधी पाहिला नव्हता. आमच्या भागातल्या माणसाला मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. तेही ते एकदाच बघून आले आणि त्याला लाटा नाहीत म्हणून नाराज होऊन परतले. पण काळजी म्हणाल तर या माणसाला आठही प्रहर समुद्राची. घरातलं पीठ संपलेलं त्यांना कळायचं नाही, पत्र्याच्या भोकातून ऊन अंथरुणावर आलं तरी दिसायचं नाही. समुद्राच्या तळाशी कोण मरून राहिलंय, ते मात्र बराबर ठाऊक. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी मोठं करत असेल. वर्षभरात कळलं की हा माणूस लोखंडाची डाली करतो.

डालं म्हणजे ज्याखाली आपण कोंबड्या नाहीतर शेळीची करडं झाकून ठेवतो ती मोठी पालथी टोपली. भासरे सेनगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेच्या कपाटात एक पांढरा, फांद्याफांद्यांचा तुकडा होता. तो प्रवाळ. तो दगड नाही, झाडही नाही, हजारो बारीक जिवांनी मिळून बांधलेलं घर आहे, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पुढे टीव्हीवर पाहिलं, की समुद्राचं पाणी तापलं की हे जीव पांढरे पडून मरतात आणि जगलेले तुकडे एखाद्या सांगाड्याला बांधून पाण्यात ठेवले तर पुन्हा वाढीला लागतात. दुसरा कुणी असता तर हळहळ करून जेवायला बसला असता. भासरे ताट बाजूला सारून सळया आणायला गेले.

सेनगावच्या वेल्डिंगवाल्यानं पहिला सांगाडा जोडताना विचारलं, "सर, मुर्ग्या पाल रहे क्या?" भासऱ्यांनी त्याला प्रवाळ समजावून सांगितलं. त्या गरिबाचं अर्ध्या दिवसाचं काम बुडालं. काळ्यापिवळ्या जीपमध्ये तर त्यांना रानच मोकळं. मांडीला मांडी लावून बसलेली माणसं, पळून जायला जागा नाही. सेनगाव ते आमचं गाव एवढ्या वाटेत कितीतरी म्हाताऱ्यांना प्रवाळाचं तोंड आणि पोट कुठं असतं ते पाठ झालं होतं.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी तोंडावर बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं झालं तर मध्ये कुणीतरी लागतं. माझी काबरी शेळी दाराशी बांधलेली असायची, ती मला पुरे होती. ते अंगणात आले की मी तिला सुरू करायचे.

"काबरे, काही लोकांना घरचं पानी पुरंना, अन् समुद्राला खोपे बांधून राहिलेत."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण या माणसाला लागायचं नाही. तेही काबरीकडेच बघून उत्तर द्यायचे. "काबरे, तिला म्हणाव, नखभर वाढायला वरीस लागतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रवाळ वर्षाला नखभर वाढतं म्हणे. भात शिजायला उशीर झाला तरी हेच, एसटी आली नाही तरी हेच. माझा पोरगा सहावीत गणितात नापास झाला तेव्हाही त्याच्या पाठीवर हात ठेवून हेच म्हणाले. त्या पोरानं ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या वर्षी पुन्हा नापास झाला.

त्यांचं लग्नही याच पायी राहिलं. कनेरगाव नाक्याजवळच्या एका गावी मुलगी बघायला गेले होते. पोह्यांच्या बश्या आल्या, मुलगी पाटावर बसली. मोठ्यांनी सांगितलं, काय विचारायचं ते विचारा. दुसरा नवरदेव स्वयंपाक येतो का विचारील, शिवण येतं का विचारील. यांनी विचारलं, "प्रवाळ वनस्पती हाय का प्राणी?" मुलगी म्हणाली, "दगड." हे उठून हात जोडून बाहेर आले. लोक म्हणतात, मास्तरांनी मुलगी नाकारली. मी म्हणते, ती पोरगी वाचली. तिच्या जागी त्यांच्या ताटात भाकरी वाढायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

माझ्या मंगळसूत्रात दोन पोवळी आहेत, आईनं घातलेली. पोवळं म्हणजे प्रवाळच. ते बघून भासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हिच्या गळ्यात मयत हाय." सणाच्या दिवशी, पुरणाच्या ताटावर बसून. मी काबरीला एवढं झोडपून काढलं शब्दांनी, की ती बिचारी दोन दिवस माझ्याकडे बघेना. पोवळी मी काढली नाहीत.

हे सगळं मी सोसलं असतं. वेडा असतो एखादा घरात. कुणाला भजनाचं वेड असतं, कुणाला कुस्तीचं. पण यांचं वेड पाण्याला चटावलेलं होतं, आणि पाणी आमचं सामाईक होतं.

सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा जमीन निम्मी निम्मी झाली. विहीर काही कापता येत नाही, म्हणून तिचे वार वाटले. सोमवार ते बुधवार आमची पाळी, गुरुवार ते शनिवार भासऱ्यांची. रविवारी मोटारीला कुणी हात लावायचा नाही, विहिरीनं पाझर भरून घ्यायचा. आमच्या वावरात हळद. हळद म्हणजे तान्हं लेकरू, वेळेवर मिळालं नाही की लगेच मान टाकतं. आमच्या तीन दिवसांत लाईट असेल तेवढंच पाणी, आणि लाईट असायची तरी किती. भासऱ्यांच्या वावरात कोरडवाहू तूर. तिला पाणी लागत नाही. मग त्यांच्या तीन दिवसांचं पाणी जायचं कुठं? डाल्यांवर. सळयांच्या सांगाड्यावर सिमेंट-वाळू थापायची आणि मग त्यावर पाणी मारत बसायचं, नाहीतर तडे जातात म्हणे. बांधाच्या अलीकडे आमच्या हळदीची पानं सुरळी व्हायची आणि पलीकडे हा माणूस सिमेंटला आंघोळ घालायचा.

मी नवऱ्याला म्हणायचे, "एक गुरुवार तरी मागा दादाला."

तो म्हणायचा, "त्याचा वार हाय. तो काहीबी करील."

आमच्या गावात भाऊ भावाचं डोकं फोडील, पण दुसऱ्याच्या वारी मोटारीच्या बटनाला हात लावणार नाही. विहिरीत पडलेलं पाणी त्या दिवशी ज्याची पाळी त्याच्या मालकीचं. माझं त्यांच्याशी जे काही वैर होतं ते एवढ्याचसाठी. मला त्यांची जमीन नको होती, पगार नको होता. मला ते पाणी हवं होतं, हळदीला.

एकदा तांड्यावरच्या एका बाईनं त्यांचं एक डालं उचलून नेलं. भासरे ते आणायला गेले. डाल्याखाली तीन करडं गाढ झोपलेली. हे तिथंच उकिडवे बसले. बाई म्हणाली, "सर, काढू का पिल्लं?" तर म्हणाले, "नको, झोपली हायेत." संध्याकाळी हात हलवत घरी आले आणि काबरीला म्हणाले, "एकात कुनीतरी ऱ्हायला आलं." आनंद तोंडावर मावत नव्हता. सिमेंट गेलं, लोखंड गेलं, माझ्या हळदीच्या वाट्याचं पाणी गेलं, आणि यांना करडांच्या घरभरणीचा आनंद.

समुद्र एकदा बघून तरी या, असं लोक म्हणायचे. त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. "चंद्रावर यान सोडनारे आधी चंद्र बघून आले व्हते का?" गावातली माणसं आपल्या वाटेला लागायची, कारण चंद्राचं कुणालाच काही सांगता येत नव्हतं.

मग परभणीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन झालं. भासरे एक डालं एसटीच्या टपावर बांधून घेऊन गेले. तिथं परीक्षक म्हणून कुणी एक साहेब आले होते, समुद्राकाठी नोकरी केलेले. त्यांनी डाल्याभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या टेबलाकडे जाता जाता म्हणाले, "छान आहे. खाऱ्या पाण्यात टिकतं का, ते बघा आधी." मोठी माणसं असं काहीतरी बोलतात आणि चहाला जातात. यांनी तो हुकूम समजला. परत आले ते वेगळेच. बोलणं कमी, जेवण कमी. मला वाटलं, खोड मोडली.

त्या वर्षी पाऊस अर्धवट झाला होता. दिवाळीनंतर विहिरीत पुरुषभर पाणी उरलं होतं आणि मी ते रोज डोळ्यांनी मोजत होते. बुधवारी आमची पाळी संपली आणि आम्ही औंढ्याला माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला गेलो. लग्नात एका पाहुण्यानं सांगितलं, "कनेरगाव नाक्यावर ढाब्याला थांबलो व्हतो. तुमच्या मास्तरचा टेंपो दिसला, भरून मीठ." मांडवातल्या बाया हसल्या. मीही हसले. म्हटलं, आता लोणचं घालणार असतील समुद्राचं. विहिरीचा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही. कुणाच्या शिवला असता? आमच्याकडे माणूस विहिरीत पायातली चप्पल घेऊन उतरत नाही.

रविवारी आम्ही परत आलो तर गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालेली, लाईट शुक्रवारपासून नाही. भासरे घरी नव्हते. शेजारीण म्हणाली, "मास्तर लाईटवाल्यांच्या मागं फिरून राहिलेत, शनवारपासून." मला नवलच वाटलं. या माणसाला डीपीची काय पडली? सोमवारही तसाच गेला. आमच्याकडे जळालेली डीपी पंधरा दिवसांच्या आत कधी आल्याचं कुणाला आठवत नाही. या खेपेला मंगळवारी दुपारी आली, कारण एक मास्तर तीन दिवस त्या लोकांच्या दारात बसून होता.

लाईट आली तसा नवऱ्यानं पळत जाऊन मोटार टाकली. मी हळदीत दारं धरत होते. एका सरीचं पाणी भरलं की खोऱ्यानं तिचं तोंड बांधायचं आणि दुसरीचं फोडायचं, हे माझं काम. बऱ्याच दिवसांनी पाणी आलेलं, जमीन घटाघटा पीत होती, मला बरं वाटत होतं. एक पट्टा भिजला. तहान लागली म्हणून पाटातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडात घालताच थुंकलं. वाटलं, माझ्याच तोंडाला काही झालं. पुन्हा चाखलं. मग मी अशी ओरडले की नवऱ्याला वाटलं, पान लागलं, साप चावला. त्यानं मोटार बंद केली आणि आम्ही दोघं विहिरीवर गेलो. आत वाकून पाहिलं. तळाशी लोखंडाचं डालं बसलेलं, आणि पायऱ्यांवर मिठाची रिकामी पोती, नीट घडी घालून ठेवलेली.

एवढ्यात भासरे रस्त्याकडून धावत आले, चपला हातात. वाटेत एका टपरीत बल्ब लागलेला दिसला आणि लाईट आल्याचं त्यांना कळलं होतं. आल्या आल्या ते पाटाशी बसले, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"समुद्राइतकं न्हाईच झालं," ते म्हणाले. आम्हाला नाही, स्वतःशीच.

माझ्या डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला, मला कळलं नाही.

"दादा, काहून केलं हे तुमी?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. उत्तर द्यायला काबरी तिथं नव्हती. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"माझ्या वारी टाकलं व्हतं, बाई. गुरवारी टाकलं, शनवारी उपसून काढनार व्हतो. रविवारी गोडं पानी भरलं असतं, सोमवारी तुमाला दिलं असतं. डीपी जळाली."

"विहिरीला वार कळतेत का?"

"न्हाई," ते म्हणाले.

"मंग आमाला सांगितलं काहून न्हाई?"

"तुमाला भेलो."

मला तेव्हा दया आली असेल, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. मला त्यांना त्याच विहिरीत ढकलावंसं वाटलं. शाळेत पोरांना पाणी कसं मुरतं ते शिकवणारा माणूस. त्याला असं वाटलं, की विहिरीतलं पाणी म्हणजे भाड्याची खोली, तीन दिवस राहून झाडून परत करता येते. अडाणी माणूस ही चूक करणार नाही. आणि शहरातला शिकलेलाही करणार नाही, कारण त्याला वारच माहीत नसतात. ही चूक करायला आमच्या घरचाच मास्तर लागतो. त्या भिजलेल्या पट्ट्यातली हळद आठवड्याभरात कडेनं करपत गेली आणि मी रोज जाऊन ती बघत होते.

आता ते पाणी उपसायचं होतं, आणि उपसून सोडायचं कुठं हा प्रश्न होता. विहिरीच्या उताराला ओढा आहे. नवरा म्हणाला, "ओढ्यात सोडू." सगळ्यांनी हेच केलं असतं. भासरे म्हणाले, "ओढा तांड्याच्या डोहाला जातो. तिथं जनावरं पेतात."

"मंग कुठं सोडता?" मी विचारलं.

"माझ्या वारी खारं झालं. माझ्या वावरात जाईल."

"दादा, तूर उभी हाय. वावर मरल," नवरा म्हणाला.

"मरल," ते म्हणाले.

त्या हंगामात त्यांची तूर शेंगांनी लगडली होती. त्यांनी स्वतःच्या हातानं दारं फोडली. नीट येत नव्हतं त्यांना, पाणी एकीकडे जास्त जायचं आणि खोरं पायावर पडायचं. लाईट असेल तेव्हा मोटार चालायची, विहीर कोरडी व्हायची, पाझर भरायचा, पुन्हा खारट लागायचं, पुन्हा उपसायचं. मी बांधावर उभी राहून बघायचे. मदतीला गेले नाही. तूर आधी पिवळी पडली, मग वाळली. जमिनीवर पांढरा थर आला. गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची आणि हसून जायची, आणि मीही त्यांना कधी अडवलं नाही.

शेवटी पाणी चुळीला बरं लागलं, तेव्हा ते डालं दोर लावून वर काढलं. भासऱ्यांनी ते पालथं केलं, उताणं केलं. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यातून तांबड्या गंजाचे ओघळ आले होते. त्यांनी अंगठ्यानं दाबलं तर सिमेंटचा पापुद्रा निघून हातात आला. पहिल्याच परीक्षेत नापास. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "बरं झालं इथं कळलं. समुद्रात असं सुटलं असतं तर बांधलेले जीव गाळात गेले असते." चेहरा असा, की जणू फार मोठं काम पार पडलं. मी कपाळाला हात लावला. या माणसाला काय म्हणायचं, याला आमच्या भाषेत चांगला शब्द नाही, वाईट खूप आहेत. ते सगळे मी त्या दिवशी वापरले, आणि तोंडावर वापरले.

त्यानंतर पहिला गुरुवार आला. त्यांची पाळी. आमची उरलेली हळद पाण्यासाठी टाहो फोडत होती आणि आम्ही आमच्या वारी उपशातच अडकलेलो. भासरे सकाळीच विहिरीवर आले. बटनाला हात लावला नाही. नवऱ्याला म्हणाले, "माझं वावर आता पानी पेनार न्हाई. आजपासून समदे वार तुमचे. चालू कर."

नवरा जागचा हलेना. त्याला वाटणी मोडल्यासारखं वाटत होतं. "दादा, तुझा वार हाय," एवढंच दोनदा म्हणाला. दोघं भाऊ त्या बटनापाशी उभे. एकाला देता येत होतं आणि दुसऱ्याला घेता येत नव्हतं. मी पुढं झाले आणि बटन दाबलं.

विहीर त्यांच्या वाटणीच्या अंगाला आहे, त्यामुळे पाट त्यांच्या वावरातूनच आमच्याकडे येतो. पाणी सुटलं तसे भासरे खोरं घेऊन पाटाच्या कडेनं चालू लागले. जिथं बांध पाझरताना दिसला तिथं बाहेरून गोडी माती आणून थापत होते, पायानं दाबत होते. मी ओरडून विचारलं, "आता काय करून राहिलेत?"

"तुमच्या पान्यात माझं मीठ नको यायला," ते म्हणाले.

दोन्ही बाजूंनी त्यांचं पांढरं झालेलं वावर, आणि मधून पाणी चाललेलं. त्यातला एक थेंब त्यांनी त्या जमिनीला लागू दिला नाही. मी त्यांना त्या दिवशीही मूर्खच म्हणाले, आणि लाईट जाईपर्यंत मोटार बंद केली नाही.